चोरखमाऱ्याचा तलाव आणि आठ हातांची गाळणी

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात चोरखमारा नावाचे गाव आहे. नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार इथे असल्यामुळे वाघ पाहायला जाणाऱ्यांना हे नाव ठाऊक असते. पण परिसरातल्या शेतकऱ्याला चोरखमारा म्हटले की आधी आठवतो तो तलाव. डोंगराच्या कुशीत पाळ घालून पाणी अडवलेला हा सिंचनाचा तलाव. तसाच दुसरा तलाव जवळच बोदलकसा येथे आहे. याशिवाय भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. आता सगळे त्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. आणि त्यांच्याहून लहान बोड्या तर शेताशेतांत आहेत.

पावसाळा संपला की प्रश्न उभा राहतो: या तलावांत आणि बोड्यांत मिळून किती जागेवर पाणी आहे? उन्हाळी धानाला पाणी देता येईल का, हे त्यावर ठरते. मासेमारीच्या ठेक्याचा हिशेबही जलक्षेत्राशी जोडलेला असतो. प्रत्येक बोडीच्या काठाने साखळी घेऊन फिरणे अर्थातच अशक्य. म्हणून हे काम आकाशातून घेतलेल्या चित्रांवरून करतात. महाराष्ट्रात यासाठी १९८८ पासून नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. योगायोग असा की, भारताचा पहिला व्यवहारोपयोगी सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए हाही १७ मार्च १९८८ लाच सोडला गेला.

या लेखात आपण त्या चित्रावर चालणारे एकच छोटे काम पाहणार आहोत. ते म्हणजे चित्र गाळणे. संगणकाच्या भाषेत याला फिल्टर लावणे म्हणतात. आपण गाळणी म्हणू. हे काम संगणकाचे अनेक कोअर वाटून घेतात. ते वाटून घेताना काय सोपे जाते आणि कुठे पाय घसरतो, हे समजून घ्यायचे आहे. पाय घसरला तर एखाद्याची बोडी नकाशावरून नाहीशी होते. म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नाही.

एक पिक्सेल, एक गुंठा

उपग्रहाचे चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये एक संख्या असते: जमिनीच्या तेवढ्या तुकड्याकडून किती प्रकाश परत आला ती. आयआरएस-१ए वरील एका कॅमेऱ्याचा पिक्सेल ७२.५ मीटर लांब व तेवढाच रुंद होता. म्हणजे सुमारे सव्वा एकराहून थोडा जास्त. अशा चित्रात चोरखमाऱ्याचा तलाव दिसेल, पण शेतातली बोडी दिसणार नाही. त्याच उपग्रहावरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३६.२५ मीटरचा, म्हणजे सुमारे तेरा गुंठ्यांचा होता.

युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांपैकी पहिला २०१५ मध्ये व दुसरा २०१७ मध्ये सोडण्यात आला. त्यांच्या काही रंगपट्ट्यांतला पिक्सेल १० मीटरचा असतो. १० गुणिले १० म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल जवळपास एक गुंठा आणि शंभर पिक्सेल बरोबर एक हेक्टर. सातबाऱ्याची भाषा आणि उपग्रहाची भाषा इतकी जुळून यावी, ही शिक्षकांसाठी पर्वणीच आहे. ही चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात.

पाणी ओळखायचे कसे? पाणी हिरवा प्रकाश थोडा तरी परत पाठवते, पण दृश्य प्रकाशाच्या लगतची अवरक्त किरणे जवळपास सगळी गिळून टाकते. झाडझाडोऱ्याचे नेमके उलट असते; हिरवी पाने अवरक्त किरणे भरपूर परतवतात. म्हणून प्रत्येक पिक्सेलसाठी हिरव्या पट्ट्यातल्या संख्येतून अवरक्त पट्ट्यातली संख्या वजा करायची आणि त्या दोघींच्या बेरजेने भागायचे. उत्तर धन आले तर बहुधा पाणी, ऋण आले तर बहुधा जमीन. ही रीत १९९६ मध्ये मॅकफिटर्स यांनी मांडली. 'बहुधा' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. तलावात शिंगाड्याची किंवा कमळाची पाने पसरली असतील तर खाली पाणी असूनही चित्र त्याला जमीन म्हणेल. उलट रोवणीच्या दिवसांत बांधीत साठलेले वीतभर पाणीही तलाव म्हणून मिरवेल.

आता पाण्याच्या पिक्सेलला १ आणि जमिनीच्या पिक्सेलला ० लिहू. मिळालेले चित्र स्वच्छ नसते. कुठे डोंगराची सावली, कुठे ओली बांधी, यांमुळे जमिनीत मधेच एखादा १ आणि पाण्यात मधेच एखादा ० विखुरलेला दिसतो. ही चाळण दूर करायला गाळणी लागते.

गाळणी काय करते

सर्वांत साधी गाळणी तीन गुणिले तीनची. एका पिक्सेलवर बोट ठेवा. तो आणि त्याचे आठ शेजारी मिळून नऊ संख्या झाल्या. त्यांची सरासरी काढून मधल्या पिक्सेलच्या जागी लिहिली तर चित्र मऊ, थोडे धूसर होते. सरासरीऐवजी मध्यक घेतला, म्हणजे नऊ संख्या चढत्या क्रमाने मांडून पाचवी उचलली, तर एकटादुकटा वेडावाकडा ठिपका नाहीसा होतो आणि कडा मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतात. नववीच्या मुलांना मध्यक शिकवताना 'याचा उपयोग काय' असे कोणी विचारले तर हे उत्तर हाताशी ठेवावे.

आपल्या ० आणि १ च्या चित्रात मध्यक म्हणजे सरळ बहुमत. नऊंपैकी पाच किंवा अधिक जण १ असतील तर १, नाहीतर ०. जमिनीतला एकटा १ गेला, हे ठीक झाले. पण आता दोन गुणिले दोनची, म्हणजे चार गुंठ्यांची खरीखुरी बोडी घ्या. कुठल्याही नऊच्या खिडकीत तिचे जास्तीत जास्त चारच पिक्सेल येतात. बहुमत कधीच नाही. बोडी संपूर्ण गडप! तीन गुणिले तीनची बोडी असेल तर मधल्या पिक्सेलला नऊ मते मिळतात, बाजूंच्या मधल्यांना सहा आणि कोपऱ्यांना चारच. म्हणजे नऊ गुंठ्यांची बोडी पाच गुंठ्यांची होते. दोन तलावांच्या मध्ये एक पिक्सेल रुंदीची पाळ असेल तर पाळीवरच्या पिक्सेलच्या खिडकीत तीन ० आणि सहा १ असतात. पाळ बुडते आणि दोन तलावांचा एक होतो. कागदावर चौकटी आखून हे सगळे पाच मिनिटांत तपासता येते आणि तपासावेच.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, चोरखमाऱ्यासारख्या मोठ्या तलावाचे क्षेत्र काढायला ही गाळणी बिनधास्त वापरावी, पण बोड्या मोजायच्या असतील तर ती लावू नये. निदान गाळण्यापूर्वीचे चित्र जपून ठेवावे आणि दोन्हींची तुलना करावी. गाळणी चहाची असो की चित्राची, तिच्या भोकांचा आकार पाहूनच काय गाळायचे ते ठरवावे लागते.

किती काम पडते

सेंटिनेल-२ चे चित्र ज्या चौकोनी तुकड्यांत मिळते त्यातल्या एकाची बाजू १०,९८० पिक्सेलची असते. म्हणजे एका तुकड्यात १२ कोटी ५ लाख ६० हजार ४०० पिक्सेल. तीन गुणिले तीनच्या गाळणीसाठी प्रत्येक पिक्सेलमागे नऊ संख्या हाताळाव्या लागतात. एकूण १०८ कोटींहून अधिक. गाळणी सात गुणिले सातची घेतली तर पिक्सेलमागे ४९, म्हणजे ५९० कोटींच्या वर.

सरासरीच्या गाळणीला एक युक्ती लागू पडते. आधी प्रत्येक ओळीत आडव्या सात संख्यांची सरासरी काढायची, मग त्या उत्तरांची उभ्या सातांत सरासरी काढायची. उत्तर तेच येते, पण पिक्सेलमागे ४९ ऐवजी १४ च संख्या हाताळाव्या लागतात. ५९० कोटींचे काम १६९ कोटींवर येते. मध्यकाला ही युक्ती चालत नाही: आडव्या मध्यकांचा उभा मध्यक हा एकूण मध्यक असेलच असे नाही. (उदाहरण विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.) यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जास्त हात लावण्याआधी मुळात काम कमी करता येते का, ते पाहावे. एका कोअरवर चाललेली शहाणी रीत कधी कधी अनेक कोअरांवरच्या अडाणी रीतीच्या तोडीस तोड ठरते.

आता हात वाढवण्याकडे वळू. कित्येक वर्षे संगणक वेगवान करायचा म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके वाढवायचे, अशी सोपी रीत होती. पण ठोके वाढवायचे तर विद्युतदाबही वाढवावा लागतो आणि लागणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती शक्ती शेवटी उष्णता होते. २००४ मध्ये इंटेल कंपनीने सेकंदाला चार अब्ज ठोक्यांचा पेंटियम-४ आणण्याचा बेत सोडून दिला. तिथून वाट बदलली. एका चिपवर एकच धावपटू ठेवण्याऐवजी दोन, चार, आठ ठेवायचे. या प्रत्येकाला कोअर म्हणतात. आयबीएमने २००१ मध्येच पॉवर-४ या चिपवर दोन कोअर बसवले होते. २००५ पासून ते घरगुती संगणकांत येऊ लागले. आज मुलांच्या खिशातल्या मोबाइलमध्येही सहसा आठ कोअर असतात.

अनेकांनी मिळून गणित करण्याची कल्पना मात्र याहून जुनी आहे आणि महाराष्ट्राला ती परकी नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर हे तिचे प्रमुख. १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक सादर केला. त्यात एक प्रचंड प्रक्रियक नव्हता; ट्रान्सप्युटर नावाच्या लहान प्रक्रियकांची ६४ जणांची फौज होती. प्रत्येकाची स्मृती वेगळी, त्यामुळे दुसऱ्याकडची संख्या हवी असेल तर निरोप पाठवून मागवावी लागे. आजच्या चिपवरच्या कोअरांची मुख्य स्मृती सामाईक असते. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

बांधी वाटून घेणे

झाडीपट्टीत रोवणीच्या वेळी बाया बांधीत एका रांगेत उभ्या राहतात. प्रत्येकीच्या समोर तिचा पट्टा. पऱ्हे लावत लावत सगळ्या मागे सरकतात. एकीने रोप कुठे लावले, यावर दुसरीचे रोप अवलंबून नसते, म्हणून दहा बाया असल्या तर काम जवळपास दहापट लवकर उरकते. चित्र गाळण्याचे काम असेच आहे. १०,९८० ओळी आठ कोअरांत वाटल्या तर चौघांना १,३७२ आणि चौघांना १,३७३ ओळी येतात. पट्टे आडवेच पाडावेत, उभे नकोत. कारण स्मृतीत चित्र ओळीमागून ओळ असे साठवलेले असते आणि प्रक्रियक स्मृतीतून एकेक संख्या न आणता शेजारशेजारच्या बऱ्याच संख्या एका दमात आणतो.

पण रोवणीची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. पट्ट्याच्या सर्वांत खालच्या ओळीतला पिक्सेल घ्या. त्याचे तीन शेजारी खालच्या पट्ट्यात, म्हणजे दुसऱ्या कोअरच्या वाट्याला आहेत. ते न पाहता गाळणी लावली तर उत्तर चुकेल. म्हणून नियम असा की, लिहायचे फक्त आपल्या पट्ट्यात, वाचायचे मात्र एक ओळ वर आणि एक ओळ खालीपर्यंत. सात गुणिले सातची गाळणी असेल तर तीन ओळी वर, तीन खाली. आजच्या संगणकात हे सोपे, कारण स्मृती सामाईक. परम ८००० सारख्या यंत्रात त्या सीमेवरच्या ओळी शेजाऱ्याकडून निरोपाने मागवून जवळ ठेवाव्या लागतात. हे विसरले की चित्रात सात आडव्या शिवणी दिसू लागतात. डोळ्यांना दिसल्या तर बरे. पण ० आणि १ च्या चित्रात त्या नेहमी दिसतात असे नाही. एखादी बोडी नेमकी शिवणीवर असते आणि मुकाट्याने जाते.

हे वर्गात करून पाहा. बारा गुणिले बारा चौकटींचा कागद घ्या. सगळीकडे ० लिहा. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत, चौथ्या ते नवव्या स्तंभापर्यंत १ लिहा. ही झाली बारा गुंठ्यांची बोडी. कागदाच्या तीन-तीन ओळींच्या चार पट्ट्या कापून चार गटांना द्या. पहिल्या फेरीत, जी ओळ आपल्याकडे नाही तिथे ० आहे असे समजून प्रत्येक गटाने बहुमताची गाळणी लावावी. (कागदाच्या चारही कडांबाहेर नेहमीच ० समजावे.) पट्ट्या पुन्हा जोडल्यावर बोडी पूर्ण नाहीशी झालेली दिसेल, कारण कोणाच्याच खिडकीत तीनपेक्षा जास्त १ आले नाहीत. दुसऱ्या फेरीत शेजारच्या गटाची मूळ ओळ उतरवून घ्यायची मुभा द्या. आता बारापैकी आठ गुंठे वाचतात. गाळणी तीच, चित्र तेच. फरक फक्त वाटणीत.

'मूळ ओळ' यातला मूळ हा शब्द महत्त्वाचा आहे. गाळलेले उत्तर जुन्या संख्येवरच लिहिले तर काय होते ते पाहा. एकाच ओळीत १०, १०, १०, १००, १०, १०, १० अशा संख्या आहेत आणि प्रत्येकीच्या जागी ती व तिचे दोन शेजारी यांची सरासरी लिहायची आहे. टोके तशीच ठेवू. उत्तर वेगळ्या कागदावर लिहिले तर येते: १०, १०, ४०, ४०, ४०, १०, १०. दोन्ही बाजूंनी सारखे. पण डावीकडून उजवीकडे जात त्याच कागदावर खोडून लिहिले आणि अपूर्णांक सोडून दिले तर येते: १०, १०, ४०, ५०, २३, १४, १०. उजवीकडून डावीकडे गेलो तर याचा आरसा. म्हणजे उत्तर चित्रावर नाही, तर आपण कोणत्या क्रमाने गेलो त्यावर ठरले! आठ कोअर एकाच वेळी असे लिहू लागले की कोण आधी पोचला यावर उत्तर ठरते आणि तोच कार्यक्रम दोनदा चालवला तर दोन उत्तरे येऊ शकतात. उपाय साधा आहे: जुन्या चित्रातून वाचा, नव्या चित्रात लिहा. जुन्याला कोणी हात लावायचा नाही. स्मृती दुप्पट लागते, पण हा खर्च परवडतो.

काही गाळण्या मात्र मुद्दामच अशा रचलेल्या असतात की, आधीचे नवे उत्तर पुढच्याला लागते. तलावांच्या साखळीसारखे हे आहे. वरचा तलाव भरून सांडल्याशिवाय खालच्या तलावात त्याचे पाणी येत नाही. तिथे कितीही माणसे उभी केली तरी क्रम चुकत नाही. अशा गाळणीत एका ओळीच्या आत वाटणी करता येत नाही. पण एकेक ओळ स्वतंत्र असेल तर ओळी वाटता येतात. काम वाटता येईल का, असे कोणी विचारले की आपण उलट विचारावे: कोणाचे उत्तर कोणाच्या उत्तरावर अवलंबून आहे?

मोजणी

गाळून झाले. आता १ किती आहेत ते मोजायचे, म्हणजे गुंठे कळतील. आठही कोअर एकाच आकड्यात भर घालत असतील तर? समजा आकडा ५०० आहे. एका कोअरने तो वाचला. तेवढ्यात दुसऱ्यानेही ५०० च वाचला. दोघांनी एकेक मिळवून ५०१ लिहिले. पाणी दोन गुंठे सापडले, नोंद एकाच गुंठ्याची झाली. अशी चूक दर वेळी वेगळी होते, म्हणून ती शोधायला अतिशय अवघड. मतमोजणीच्या खोलीत सगळ्या टेबलांसाठी एकच फळा ठेवला तर जो गोंधळ होईल तोच हा. तिथे जे करतात तेच इथेही करावे. प्रत्येक टेबलाने आपली बेरीज आपल्या कागदावर ठेवायची आणि शेवटी एकाने आठ आकडे मिळवायचे.

बरे, आठ कोअर लावले की काम आठपट लवकर होते का? सहसा नाही. समजा एका कोअरवर एकूण १०० सेकंद लागतात. त्यातले २० सेकंद फाइल वाचण्यात आणि लिहिण्यात जातात आणि हे काम एकटाच करतो. उरलेले ८० आठांत वाटले तर १० झाले. एकूण ३०, म्हणजे सव्वातीनपटीहून थोडा जास्त वेग. कोअर लाख केले तरी ते २० सेकंद कुठे जात नाहीत, म्हणून पाचपटीच्या वर उडी नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये ही मर्यादा दाखवून दिली. दुसरी अडचण स्मृतीची. तीन गुणिले तीनच्या गाळणीत गणित थोडे आणि संख्यांची ने-आण जास्त. एकाच विहिरीवर आठ जणी घागरी घेऊन आल्या आणि रहाट एकच असला तर बाकीच्या जणी उभ्याच राहणार. अशा वेळी चौथ्या-पाचव्या कोअरनंतर वेग फारसा वाढत नाही. मोठ्या खिडकीच्या मध्यकात गणित भरपूर असते, तिथे मात्र सगळे कोअर घाम गाळतात.

शाळेत संगणक असेल तर गिंप हा विनामूल्य कार्यक्रम घ्यावा. त्याच्या पसंतीच्या सूचीत, साधनसंपत्तीच्या पानावर, किती 'थ्रेड' वापरायचे तो आकडा असतो. थ्रेड म्हणजे एकेका कोअरला देता येणारा कामाचा धागा. आधी तो १ ठेवावा, कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू करावा आणि एका मोठ्या छायाचित्रावर 'मीडियन ब्लर' ही गाळणी लावून घड्याळ पाहावे. मग २, ४, ८ असे करत जावे आणि वेळेचा आलेख काढावा. आलेख सरळ खाली न जाता कुठे आडवा होतो, ते मुलांना स्वतःला सापडू द्यावे.

चोरखमाऱ्याच्या फाटकातून आत गेल्यावर वाटणीची आणखी एक रीत भेटते. जंगलात वाघ मोजण्यासाठी झाडांना स्वयंचलित कॅमेरे बांधतात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांतून ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रे मिळाली. इथे एकेक छायाचित्र कापून वाटण्याचा उद्योग कशाला? प्रत्येक कोअरला एकेक अख्खे छायाचित्र द्यावे. संपले की पुढचे उचलावे. सीमा नाही, शिवण नाही. ज्याच्या वाट्याला सोपे आले त्याने जास्त करावे, रोवणीत आपला पट्टा आधी संपलेली बाई पुढच्या बांधीकडे जाते तसे. चित्र एकच आणि अवाढव्य असते तेव्हाच पट्ट्यांची कटकट पत्करायची.

पण पाणी किती एवढेच नको, तलाव किती तेही हवे असेल तर? आता पट्ट्यांची खरी कसोटी लागते. एकमेकांना चिकटलेल्या १ च्या प्रत्येक समूहाला एक क्रमांक द्यायचा. प्रत्येक कोअर आपल्या पट्ट्यात हे सुखाने करील. चोरखमाऱ्याचा तलाव दोन पट्ट्यांच्या सीमेवर आला तर वरचा त्याला १७ क्रमांक देईल, खालचा २०३. एक तलाव दोनदा मोजला गेला. गाळणीत एक ओळ पलीकडे डोकावले की भागत होते, कारण पिक्सेलचे उत्तर जवळच्या शेजाऱ्यांपुरते मर्यादित होते. तलाव मात्र कितीही लांब पसरलेला असू शकतो, म्हणून ती युक्ती इथे कामाची नाही.

त्यासाठी आठही पट्टे पुरे झाल्यावर एकाने सातही शिवणींवरून चालत जायचे आणि शिवणीच्या वर व खाली दोन्हीकडे पाणी आहे तिथे '१७ म्हणजेच २०३' अशी नोंद करायची. सात शिवणी, प्रत्येकीत १०,९८० जागा, म्हणजे ७६,८६० जागा पाहायच्या. १२ कोटींपुढे हे काहीच नाही. गंमत पुढे आहे. डोंगरातल्या तलावाला बोटांसारखे फाटे असतात. समजा शिवणीच्या वर असे दोन फाटे आहेत आणि वरच्या कोअरने त्यांना १७ आणि १८ असे दोन वेगळे तलाव मानले आहे. खालच्या पट्ट्यात ते दोन्ही २०३ ला मिळतात. मग १७ म्हणजे २०३ आणि १८ म्हणजेही २०३, म्हणून १७ म्हणजेच १८, हे संगणकाला उमगावे लागते. तेही वरच्या पट्ट्यात १७ आणि १८ यांचा कुठेही एकमेकांना स्पर्श होत नसताना. अशा नोंदींची साखळी जोडत जोडत जायचे, प्रत्येक साखळीतला सर्वांत लहान क्रमांक सगळ्यांना द्यायचा आणि मग वेगवेगळे क्रमांक किती उरले ते मोजायचे. तेवढे तलाव.